अमेरिकन कॉलेजचा अर्ज: उपक्रमांचं पान कसं भरायचं

दहावीला चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचे, शास्त्रीय नृत्याचे किंवा खेळाचे वाढीव गुण मिळतात, हे आपल्याकडे बहुतेक पालकांना माहीत असतं. शाळेकडे प्रस्ताव द्यायचा, प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडायची, बोर्ड गुण वाढवून देतं. बारावीनंतर तेवढाही संबंध उरत नाही. इंजिनिअरिंगला एमएचटी-सीईटी किंवा जेईई, मेडिकलला नीट. मूल तबला वाजवतं की घरचं दुकान सांभाळतं, हे तिथे कुणी विचारत नाही.

त्यामुळे अमेरिकेत पदवीसाठी अर्ज करायला बसलेली आपली मुलं एका पानावर हमखास अडतात. निबंध अवघड आहे हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, त्यासाठी महिना-महिना मेहनत घेतली जाते. उपक्रमांचं पान मात्र शेवटच्या रात्री, प्रमाणपत्रांची फाइल शेजारी ठेवून भरलं जातं. एकेक प्रमाणपत्र उचलायचं, त्याचं नाव रकान्यात टाकायचं, पुढचं उचलायचं. या पानाला खरं तर तुमच्या वेळेचा हिशोब हवा असतो. गेल्या चार वर्षांत शाळा आणि अभ्यास सोडून तुमचे तास कुठे गेले आणि त्या तासांत तुम्ही नेमकं काय केलंत, एवढंच तिथे विचारलेलं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की उरलेलं सगळं सोपं होत जातं.

आधी अर्जाची रचना पाहू. अमेरिकेतली बरीच कॉलेजं 'कॉमन अ‍ॅप्लिकेशन' (थोडक्यात 'कॉमन अ‍ॅप') नावाचा एकच ऑनलाइन अर्ज स्वीकारतात. १९७५ मध्ये पंधरा खासगी कॉलेजांनी एकत्र येऊन तो सुरू केला. आज हजाराहून जास्त संस्था त्यात आहेत. नवा अर्ज दरवर्षी १ ऑगस्टला खुला होतो. नाव-गाव, पालकांची माहिती, शाळा आणि गुण, ६५० शब्दांपर्यंतचा मुख्य निबंध, आणि 'अ‍ॅक्टिव्हिटीज' हा विभाग. या विभागात जास्तीत जास्त दहा उपक्रम लिहिता येतात. दहाच्या दहा जागा भरल्याच पाहिजेत असा नियम नाही. सहा खऱ्या नोंदी लिहून थांबलेला अर्ज हा पूर्ण अर्जच असतो.

प्रत्येक उपक्रमासाठी आधी यादीतून प्रकार निवडायचा. तिथे तीसच्या आसपास प्रकार आहेत: संगीत, नृत्य, वादविवाद, खेळ, संशोधन, समाजसेवा, पगारी काम वगैरे. मग तुमची भूमिका किंवा पद, त्याला पन्नास अक्षरं. संस्थेचं नाव, शंभर अक्षरं. आणि तुम्ही काय केलंत याचं वर्णन, दीडशे अक्षरं. मोकळ्या जागा आणि विरामचिन्हंही या दीडशेत मोजली जातात, म्हणजे इंग्रजीत जेमतेम वीस-पंचवीस शब्द. त्याखाली कुठल्या इयत्तांत केलं (नववी ते बारावी), शाळा चालू असताना, सुट्टीत की वर्षभर, आठवड्याला किती तास आणि वर्षातले किती आठवडे. शेवटी, असं काही कॉलेजातही करायचा विचार आहे का, हा एक हो-नाहीचा प्रश्न. प्रमाणपत्र जोडायची सोय कुठेही नाही.

नववी ते बारावी ही मर्यादा आपल्याकडे बऱ्याच जणांना खटकते. पाचवीची आणि आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा, सहावीतली होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षा, सातवीतलं कथाकथनाचं पहिलं बक्षीस, हे सगळं यातून गळतं. नववीतली होमी भाभा परीक्षा चालते. चौथीपासून तबला शिकत असाल आणि अजूनही शिकत असाल तर ती नोंद नववीपासून करायची. 'वयाच्या नवव्या वर्षापासून' हे वर्णनात दोन शब्दांत येऊ शकतं. बक्षिसांसाठी वेगळी जागा आहे. शिक्षणाच्या विभागात पाच सन्मान लिहिता येतात, आणि प्रत्येकापुढे तो शाळेच्या, राज्याच्या, राष्ट्रीय की आंतरराष्ट्रीय पातळीवरचा हे सांगायचं असतं. त्यामुळे उपक्रमाच्या दीडशे अक्षरांत बक्षिसांची यादी कोंबायची गरज नाही. बक्षिसं तिकडे, काम इकडे.

आता मुख्य प्रश्न: उपक्रम म्हणजे काय? आपली मुलं इथे स्वतःवर फार अन्याय करतात. अभिवाचन स्पर्धेत एकदा भाग घेतला, ते आठवणीने लिहितात. रोज संध्याकाळी धाकट्या भावाला शाळेतून आणून त्याचा अभ्यास घेतात, ते लिहीत नाहीत, कारण 'ते काय, घरचंच काम.' कॉमन अ‍ॅपच्या यादीत 'कौटुंबिक जबाबदाऱ्या' असा स्वतंत्र प्रकार आहे. आजारी आजीची औषधं आणि दवाखान्याच्या फेऱ्या, आईच्या मेसचे डबे पोचवणं, वडिलांच्या दुकानाचं जीएसटीचं काम, हे सगळं तिथे बसतं. ज्यांना शाळेनंतर घरासाठी राबावं लागतं त्यांना वादविवाद मंडळात जायला वेळ कुठून मिळणार, हे अर्ज वाचणाऱ्यांना कळतं. पण तुम्ही लिहिलंत तरच कळतं.

एक उदाहरण जवळून पाहू. समजा, निफाड तालुक्यातला एक मुलगा आहे. घरची तीन एकर द्राक्षबाग. त्याने पहिल्यांदा लिहिलं ते असं (अर्ज इंग्रजीतच भरायचा असतो, इथे मजकूर मराठीत देतो आहे): 'मला शेतीची आवड आहे. मी वडिलांना शेतीकामात मदत करतो. यातून मला कष्टाचं महत्त्व आणि वेळेचं नियोजन शिकायला मिळालं.'

यातलं एकही वाक्य खोटं नाही, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. मग त्याला विचारायचं: मदत म्हणजे काय करतोस? तेव्हा कळतं की ऑक्टोबर छाटणीपासून मार्चमधल्या काढणीपर्यंत फवारणीची वही तोच लिहितो. कुठल्या तारखेला, कुठल्या प्लॉटला, कुठलं औषध, किती मात्रा. माल युरोपला जायचा असेल तर द्राक्षात औषधाचा अंश किती उरला हे तपासलं जातं, म्हणून ती वही नीट असावी लागते. शनिवारी आठ मजुरांच्या मजुरीचा हिशोब तो करतो. आणि पहाटे मोबाइलवर हवामान पाहून आज फवारायचं की उद्या, हे वडील त्याला विचारून ठरवतात. हे सांगताना त्याला यात विशेष काही वाटत नाही, कारण तो ते रोज करतो.

मग नोंद अशी होते. प्रकार: कौटुंबिक जबाबदाऱ्या. भूमिका: नोंदी आणि मजुरीचा हिशोब. संस्था: कुटुंबाची द्राक्षबाग, नाशिक जिल्हा. वर्णन: 'तीन एकर निर्यातीची बाग, फवारणीच्या नोंदी (तारीख, औषध, मात्रा), आठ मजुरांची आठवड्याची मजुरी, हवामान पाहून फवारणीचा दिवस ठरवणं.' आठवड्याला आठ तास, वर्षातले चोवीस आठवडे. इंग्रजीत हे दीडशे अक्षरांत व्यवस्थित बसतं.

काय बदललं ते पाहा. 'मी' गेला, कारण अर्ज कुणाचा आहे हे माहीतच आहे. 'आवड', 'महत्त्व', 'नियोजन' हे शब्द गेले. त्यांच्या जागी आकडे आणि कामं आली. पूर्ण वाक्यं लागतच नाहीत. क्रियापदाने सुरुवात करून अर्धविराम देत गेलं तरी चालतं. 'यातून मी काय शिकलो' हे इथे लिहू नये, असं माझं ठाम मत आहे. त्यासाठी निबंध आहे. दीडशे अक्षरांत शिकवण सांगायला गेलं की कामाला जागा उरत नाही, आणि सगळ्यांची शिकवण शेवटी सारखीच निघते: शिस्त, टीमवर्क, नेतृत्व.

ढोल-ताशा पथकाचंही तसंच. पुण्यातली कितीतरी मुलं-मुली पथकात असतात आणि अर्जात 'संस्कृती जपतो' एवढंच लिहितात. अमेरिकेत बसून वाचणाऱ्याला पथक म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. 'शंभर जणांचं रस्त्यावरचं तालवादन पथक, ताशा वाजवते, नव्या पंधरा मुलींना ठेके शिकवले, विसर्जन मिरवणुकीत तासन्‌तास वादन' असं लिहिलं तर चित्र उभं राहतं. मंडळाचं नाव कितीही मोठं असलं तरी तिकडे त्याचा उपयोग नाही. वर्गणी, मंडप, पोलिसांची परवानगी यांपैकी तुमच्याकडे काय होतं, ते लिहायचं.

परक्या वाचकाला पातळी समजावून सांगणं हे यातलं सर्वांत दुर्लक्षित काम. 'गांधर्व मंडळाची मध्यमा पूर्ण उत्तीर्ण' हे वाचून आपल्याकडे मान डोलावतील, तिकडे काहीच कळणार नाही. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम आणि मग मध्यमा पूर्ण, म्हणजे ही पाचवी पायरी. तसं लिहा: भारतीय शास्त्रीय संगीताच्या श्रेणीबद्ध परीक्षांतली पाचवी पातळी, गायन आणि शास्त्र दोन्ही. 'इंटरमिजिएटला ए ग्रेड' याऐवजी राज्य सरकारची चित्रकला परीक्षा, सर्वोच्च श्रेणी. एनसीसी, एनएसएस, आरएसपी ही लघुरूपं आपल्याला पाठ असतात. ती पूर्ण लिहा किंवा काम सांगा. मल्लखांब असेल तर 'उभ्या लाकडी खांबावरची कसरत' एवढं तरी हवंच.

तासांचा हिशोब मुलं अंदाजाने ठोकून देतात, आणि तिथेच पान अविश्वसनीय होतं. ढोल पथकाचा सराव गणपतीच्या आधी दोनेक महिने चालतो. तिथे वर्षातले बावन्न आठवडे कसे येतील? आठ-दहा आठवडे, आठवड्याला दहा-बारा तास, हे खरं आणि पुरेसं आहे. ट्रेकिंग पावसाळ्यात आणि हिवाळ्यात होतं, तर तेवढेच आठवडे. सगळं भरून झालं की एका कागदावर सगळ्या रकान्यांची बेरीज करा. आठवड्याचे तास एकूण १६८. त्यातून झोप, कॉलेज, क्लास, लोकलचा प्रवास वजा करा. दहा उपक्रमांचे प्रत्येकी दहा तास लिहिले असतील तर बेरीज शंभर होते, आणि वाचणाऱ्याला ती चटकन दिसते. जिथे काम हंगामी आहे तिथे आठवडे कमी लिहायला लाजू नये.

क्रम तुमच्या हातात असतो. सर्वांत महत्त्वाचा उपक्रम पहिला. महत्त्वाचा म्हणजे सर्वांत प्रतिष्ठेचा असं नाही. ज्यात तुमचा सर्वांत जास्त वेळ आणि जीव गेला तो. चार वर्षं चाललेली गोष्ट वर, एका सुट्टीतली खाली. कोचिंग क्लास हा उपक्रम नाही, कितीही तास गेले तरी. एका दिवसाच्या वृक्षारोपणाला स्वतंत्र जागा देऊ नये. त्याच झाडांना दोन उन्हाळे पाणी घातलं असेल तर जरूर द्यावी.

बारावीच्या जूनमध्ये घाईघाईने संस्था काढून 'संस्थापक-अध्यक्ष' होणाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे. परदेशी शिक्षणाचे काही सल्लागार हे सुचवतात आणि त्याचे पैसे घेतात. इयत्तांच्या रकान्यात फक्त बारावीवर खूण, आठवड्याला दोन तास, आणि पद मात्र सर्वोच्च. अर्ज वाचण्याचं काम करणाऱ्यांना हा नमुना नवा नाही. गल्लीतल्या वाचनालयात नववीपासून दर रविवारी पुस्तकांच्या नोंदी करणारी मुलगी याहून कितीतरी भक्कम ठरते, आणि मला ते योग्य वाटतं.

अकरावी-बारावीचा प्रश्न आपल्याकडे वेगळाच आहे. दहावीनंतर शाळा सुटते, कनिष्ठ महाविद्यालय नवं असतं, आणि 'इंटिग्रेटेड' बॅच घेतली तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत क्लासच. परिणामी अर्जात नववी-दहावीवर खुणा दिसतात आणि पुढे एकदम कोरं. अमेरिकेचा विचार थोडाही असेल तर एखादी गोष्ट तरी कमी तासांनी का होईना, चालू ठेवा. आणि जे सुटलं त्याचं कारण 'अतिरिक्त माहिती'च्या जागेत दोन ओळींत सांगा. ही जागा २०२५-२६ च्या अर्जापासून ६५० शब्दांवरून ३०० वर आणली आहे, म्हणजे तिथेही पाल्हाळ नको.

कॉलेजांना हे सगळं हवं तरी कशाला? याचा इतिहास फारसा निर्मळ नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हार्वर्डसारख्या ठिकाणी प्रवेश बराचसा परीक्षेवर होता, आणि परीक्षेत ज्यू मुलं पुढे येऊ लागली. १९२२ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी त्यांच्या संख्येवर उघड मर्यादा घालायचा प्रस्ताव मांडला. तो मान्य झाला नाही, पण त्याच दशकात प्रवेशासाठी 'चारित्र्य' आणि व्यक्तिमत्त्व पाहायला सुरुवात झाली, आणि ज्यू विद्यार्थ्यांची संख्या त्या वाटेने कमी करण्यात आली. पुढे हीच पद्धत वेगवेगळ्या परिस्थितीतल्या मुलांना जोखण्यासाठीही वापरली गेली. प्रवेशाच्या पद्धतीवरून हार्वर्डवर झालेल्या खटल्याची सुनावणी २०१८ मध्ये झाली, तेव्हा तिथे अभ्यास, उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व यांना १ ते ६ अशी वेगवेगळी श्रेणी देतात हे सगळ्यांसमोर आलं. १ म्हणजे सर्वोत्तम. त्याच खटल्यात आशियाई वंशाच्या मुलांना व्यक्तिमत्त्वाची श्रेणी कमी मिळते, असा आक्षेप होता. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंश पाहून प्रवेश देणं बंद केलं. उपक्रमांचं पान मात्र राहिलं.

या पानाचा गैरवापर किती टोकाला जाऊ शकतो, हेही तिथेच दिसलं. मार्च २०१९ मध्ये उघड झालेल्या प्रकरणात श्रीमंत पालकांनी रिक सिंगर नावाच्या सल्लागाराला पैसे देऊन, कॉलेजांच्या प्रशिक्षकांना लाच देऊन, मुलांना कधीही न खेळलेल्या खेळांचे खेळाडू म्हणून दाखवलं. फोटोंतसुद्धा फेरफार केले. सिंगरला साडेतीन वर्षांची कैद झाली. आपल्याकडे प्रकार लहान असतात: तास दुप्पट, पद एक पायरी वर, काकांच्या कंपनीतली न केलेली इंटर्नशिप. अर्जाच्या शेवटी ही माहिती खरी आहे अशी सही तुम्ही करता. पुढे खोटेपणा आढळला तर मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो.

सगळीकडे हेच पान चालत नाही. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो ही ठिकाणं युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या वेगळ्या अर्जात येतात. तिथे उपक्रम, पुरस्कार, नोकरी, स्वयंसेवा असं सगळं मिळून वीसपर्यंत नोंदी करता येतात आणि वर्णनाला ३५० अक्षरं मिळतात. म्हणून कॉमन अ‍ॅपचा मजकूर तिथे जसाच्या तसा चिकटवू नका; जागा आहे तर संस्था काय करते हेही सांगा. हे विद्यापीठ काही अर्जदारांकडून लिहिलेल्या गोष्टींचा पुरावाही मागतं, तेव्हा ती प्रमाणपत्रांची फाइल जपून ठेवा. एमआयटीचा अर्जही स्वतंत्र आहे आणि तिथे फक्त चारच उपक्रम विचारतात. कुठले चार, हे ठरवायला एक अख्खी संध्याकाळ द्यावी.

ब्रिटनचा मामला निराळा. तिथल्या विद्यापीठांच्या सामायिक अर्जात, म्हणजे यूकॅसमध्ये, पाच पर्याय निवडता येतात आणि वैयक्तिक निवेदन ४,००० अक्षरांचं असतं. २०२६ च्या प्रवेशापासून ते तीन प्रश्नांत विभागलं आहे. तिथे भर विषयावर असतो. इतिहासाला अर्ज करणाऱ्याने दुर्गभ्रमंतीत काय पाहिलं आणि त्यावरून काय वाचलं हे लिहावं. तो फुटबॉल संघाचा कप्तान होता याला ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये फारसं महत्त्व नाही.

शेवटचा भाग कागदपत्रांचा, आणि मराठी शाळांतल्या मुलांची दमछाक इथे होते. कॉमन अ‍ॅपमध्ये शाळेनेही तुमच्याबद्दल माहिती भरायची असते: नववीपासूनचे गुण, शाळेची ओळख, शिफारसपत्र. तिकडे हे काम समुपदेशक करतात. आपल्याकडे ते पद नसेल तर मुख्याध्यापक किंवा प्राचार्य करू शकतात, फक्त त्यांचा ईमेल तुमच्या अर्जात द्यावा लागतो आणि आलेली लिंक त्यांनी उघडावी लागते. बऱ्याच सरांना हे पहिल्यांदाच करायचं असतं. जूनमध्येच जाऊन भेटा. सोबत तुमच्या उपक्रमांची एका पानाची यादी द्या, तास आणि कामासकट, म्हणजे त्यांच्या पत्रात आणि तुमच्या अर्जात एकच चित्र दिसेल. शिफारस लिहिणाऱ्या विषयशिक्षकांनाही तीच प्रत द्या.

लवकरच्या फेरीची मुदत बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबर असते आणि नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला. कॉमन अ‍ॅपमध्ये मुदत तुमच्या इथल्या वेळेप्रमाणे रात्री ११:५९ ला संपते. अमेरिकेत अजून दुपार आहे म्हणून वेळ वाढून मिळत नाही. आणि १ नोव्हेंबर पुष्कळदा दिवाळीच्या सुट्टीत येतो. शाळेचं ऑफिस बंद, सर गावी, शिक्का कपाटात. गुणपत्रकांवरच्या सह्या आणि शाळेकडून भरायचा भाग घटस्थापनेच्या आत पूर्ण करून घ्या.